मैदान कुणाच्या नावाचं?

अणुयुग कुठे सुरू झालं, असं विचारलं की विज्ञानाच्या शिक्षकांकडून पटकन उत्तर येतं: शिकागोत, २ डिसेंबर १९४२ रोजी. थोडं अधिक वाचलेला माणूस पुढे सांगतो की एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकागो विद्यापीठाच्या क्रीडांगणात, प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालच्या स्क्वॉश कोर्टात, ग्रॅफाइटच्या विटा आणि युरेनियम यांची रास रचली आणि माणसाच्या ताब्यातली पहिली अणुसाखळी चालवून दाखवली. त्या क्रीडांगणाचं नाव पुस्तकात असतं, 'स्टॅग फील्ड'. बस्स. तिथेच सगळे थांबतात.

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे रस्त्याला, चौकाला, पुलाला नाव दिसलं की हा कोण, असं विचारायची खोड जडली आहे. नातवंडं वैतागतात. पण या वेळी खोडीचा फायदा झाला. स्टॅग कोण, हे शोधता शोधता मी एका अशा माणसापाशी पोचले की तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना. त्यातून आपल्या वाचकांत निवृत्त मंडळी बरीच, आणि अमेरिकेतले भाचे-पुतणेही आहेत. दोघांच्याही उपयोगाची गोष्ट आहे.

तर अमोस अलॉन्झो स्टॅग. जन्म १६ ऑगस्ट १८६२, न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंज गावी. वडील चांभारकाम करणारे, घरात खाणारी तोंडं पुष्कळ. मोलमजुरी करत, पोटाला चिमटा घेत हा मुलगा येल विद्यापीठापर्यंत पोचला. तिथे त्याला व्हायचं होतं धर्मोपदेशक. पण नाव झालं ते बेसबॉलमधला चेंडूफेक्या म्हणून. व्यावसायिक संघांनी त्याला पैसे देऊ केले, त्याने ते नाकारले. पैशासाठी खेळणं त्याच्या मनाला पटत नव्हतं. पुढे फुटबॉलमध्येही तो चमकला, आणि १८८९ मध्ये देशभरातल्या महाविद्यालयीन खेळाडूंतून निवडलेल्या पहिल्यावहिल्या 'ऑल अमेरिका' संघात त्याचं नाव आलं.

इथे एक खुलासा. अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. त्यांचा चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात धरून पळायचं, आणि समोरच्यांनी पळणाऱ्याला अंगावर झेप घेऊन पाडायचं. आणखी एक गोष्ट आपल्याला चटकन समजत नाही. तिथे कॉलेजच्या सामन्यांना हजारो माणसं तिकिटं काढून येतात. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामना म्हटला की खेळाडूंचे मित्र आणि एखादे उत्साही प्राध्यापक. तिथे अख्खं शहर लोटतं. सव्वाशे वर्षांपूर्वीसुद्धा लोटायचं.

धर्मशास्त्राचं शिक्षण स्टॅगने अर्ध्यावर सोडलं. कारण मोठं प्रांजळ होतं. आपल्याला चारचौघांत बोलता येत नाही, व्यासपीठावरून आपण कुणाच्या मनाला हात घालू शकणार नाही, हे त्याच्या लक्षात आलं. मग त्याने ठरवलं की व्यासपीठावरून नाही जमत, तर मैदानावरून तेच काम करू. तरुण मुलांना सरळ वळण लावायचं, दारू-तंबाखू-शिवीगाळ यांपासून दूर ठेवायचं, हरणं-जिंकणं पचवायला शिकवायचं. मॅसेच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावी वायएमसीएची शिक्षक तयार करणारी शाळा होती, तिथे तो १८९० मध्ये रुजू झाला.

या शाळेत त्याचा एक सहकारी होता जेम्स नेस्मिथ. १८९१ च्या डिसेंबरात हिवाळ्यात आत खेळता यावं म्हणून नेस्मिथने एक नवा खेळ काढला, तोच बास्केटबॉल. ११ मार्च १८९२ रोजी लोकांसमोर पहिला सामना झाला, शिक्षक विरुद्ध विद्यार्थी. विद्यार्थी ५-१ असे जिंकले, आणि शिक्षकांचा तो एकुलता एक गुण केला स्टॅगने! शाळेच्या गॅदरिंगला शिक्षक-विद्यार्थी सामना पाहिलेल्या कुणालाही या निकालाचं नवल वाटू नये. याच वायएमसीएच्या वाटेने बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉल पुढे आपल्या देशात आले. हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं, तेही वायएमसीएचंच. म्हणजे आपल्या शाळेच्या पटांगणात उभ्या असलेल्या त्या गंजक्या कड्याचं मूळ पार स्प्रिंगफील्डपर्यंत जातं.

आता शिकागो. रॉकफेलरच्या पैशातून तिथे नवं विद्यापीठ उभं राहत होतं. त्याचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर. हे हिब्रूचे गाढे पंडित, आणि येलमध्ये स्टॅगचे शिक्षक. नव्या विद्यापीठाचं नाव चहूकडे व्हायचं तर उत्तम प्राध्यापक हवेत, तसाच उत्तम खेळाचा संघही हवा, हे या पंडिताने ओळखलं होतं. त्यांनी आपल्या जुन्या विद्यार्थ्याला बोलावून घेतलं, आणि नुसतं प्रशिक्षक म्हणून नाही. शारीरिक शिक्षणाचा स्वतंत्र विभाग काढून त्याचा प्रमुख केलं, वर सहयोगी प्राध्यापकाचा दर्जा आणि कायम नोकरी दिली. तोवर अमेरिकेत प्रशिक्षक म्हणजे हंगामापुरता येणारा, बिदागी घेऊन जाणारा माणूस.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आमच्या शिक्षक-खोलीत पीटीच्या सरांना काय मान असे, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ती समजेल. परीक्षा जवळ आली की पहिला बळी खेळाच्या तासाचा. स्नेहसंमेलनात खुर्च्या मोजायला आणि प्रभातफेरीत रांगा लावायला मात्र तेच सर हवेत! १८९२ मध्ये एका विद्यापीठाने संस्कृत-ग्रीकच्या प्राध्यापकाशेजारी खेळाच्या शिक्षकाला खुर्ची दिली, ही साधी गोष्ट नव्हे.

१ ऑक्टोबर १८९२ ला विद्यापीठ उघडलं. पहिल्या वर्षी पोरं इतकी कमी की तीस वर्षांचे प्राध्यापक स्टॅग स्वतःच संघात उतरून खेळले. मैदानासाठी जागा मिळाली ती मार्शल फील्ड या धनाढ्य व्यापाऱ्याची, म्हणून सुरुवातीला मैदानाचं नावही 'मार्शल फील्ड'. १८९४ मध्ये स्टॅगने स्टेला रॉबर्टसन या विद्यापीठातल्याच विद्यार्थिनीशी लग्न केलं. या बाईंबद्दल खरं तर वेगळं लिहायला हवं. सामना चालू असताना प्रत्येक चालीचा तक्ता त्या कागदावर टिपायच्या, प्रतिस्पर्धी संघाचा खेळ पाहून नोंदी आणायच्या. संसार सत्तर वर्षांचा झाला, आणि संघाचं दप्तर जवळजवळ तितकीच वर्षं त्यांच्या हाती राहिलं.

स्टॅग शिकागोत एक्केचाळीस हंगाम राहिले. पश्चिमेकडच्या मोठ्या विद्यापीठांच्या परिषदेचं अजिंक्यपद त्यांच्या संघाने सात वेळा मिळवलं. खेळाडूंनी चाल ठरवायला गोल करून उभं राहणं, पाडापाडीच्या सरावासाठी पेंढा भरलेला पुतळा टांगणं, अशा कितीतरी गोष्टींचं श्रेय त्यांना दिलं जातं. स्वतः ते तंबाखू-दारूला शिवत नसत. रागावले की पोरांना 'गाढवा' म्हणत, फार रागावले की 'दुहेरी गाढवा'. याच्या वर त्यांची शिवी गेली नाही म्हणतात.

पण मंडळी, इथवरची गोष्ट म्हणजे शताब्दी-स्मरणिकेतला लेख झाला. इतिहास शिकवणाऱ्याने इथे थांबून चालत नाही.

१९०५ सालचा ३० नोव्हेंबर घ्या. शिकागो विरुद्ध मिशिगन. मिशिगनचे प्रशिक्षक फील्डिंग योस्ट, आणि संघ असा की १९०१ पासून ओळीने ५६ सामने हरलेलाच नव्हता. त्या हंगामात तर त्यांनी ४९५ गुण केले होते, आणि त्यांच्यावर कुणी एक गुणही करू शकलं नव्हतं. मैदानावर पंचवीस हजारांच्या वर माणसं. सामना अडून राहिला, कुणालाच गुण मिळेना. अखेरच्या भागात शिकागोच्या वॉल्टर एकरसॉलने चेंडू उंच लाथाडला. तो मिशिगनच्या डेनिसन क्लार्क या पोराने आपल्या हद्दीच्या अगदी शेवटी झेलला. तिथेच थांबला असता तर काही बिघडत नव्हतं. पण तो चेंडू घेऊन पळायला गेला, आणि शिकागोच्या खेळाडूंनी त्याला त्याच्याच गोलरेषेमागे ढकलून पाडलं. याचे प्रतिस्पर्ध्याला दोन गुण. निकाल २-०. शिकागो अजिंक्य!

स्टॅग यांच्या कारकिर्दीतला हा सोन्याचा दिवस. शहर रात्रभर नाचलं असेल. आणि क्लार्क? त्याच्यावर सगळं खापर फुटलं. वर्तमानपत्रांनी त्याला सोलून काढलं. तो पुढे मोठा झाला, दूर जाऊन राहिला, धंद्यात पडला. १९३२ मध्ये त्याने आत्महत्या केली. त्याने मागे ठेवलेल्या चिठ्ठीत त्या एका चुकीचा उल्लेख होता, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. माणूस असा टोकाला का जातो, हे दुसऱ्या कुणी ठामपणे सांगू नये. पण सत्तावीस वर्षांपूर्वीची दोन गुणांची चूक त्याच्या मनातून गेली नव्हती, एवढं तर दिसतंच. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. हरणं-जिंकणं पचवायला शिकवायचं म्हणून हा खेळ मांडला होता ना? मग एका पोराची चूक पंचवीस हजारांसमोर, अख्ख्या देशाच्या वर्तमानपत्रांत, कुणी मांडली?

आणि तो लाथ मारणारा एकरसॉल. शिकागोचा लाडका. १९०४, ०५ आणि ०६ अशी तीन वर्षं ऑल अमेरिका संघात. मैदानावर त्याच्या तोडीचा कुणी नव्हता. वर्गात मात्र तो नावालाच होता, आणि अखेर पदवी न घेताच बाहेर पडला. पुढे क्रीडा-वार्ताहर झाला आणि १९३० मध्ये, पन्नाशीही न गाठता, गेला. पैशासाठी खेळणार नाही म्हणणाऱ्या स्टॅग यांच्याच विभागाच्या तिजोरीत तिकिटांचा पैसा वाहत होता, आणि त्या तिजोरीसाठी असा विद्यार्थी लागतच होता. आपण चारित्र्य घडवतोय असं ते मनापासून मानत होते, याविषयी मला शंका नाही. त्यांच्या हाताखाली एक प्रचंड यंत्र उभं राहत होतं, याविषयीही नाही.

त्याच १९०५ च्या हंगामात देशभर मैदानावर अठरा-एकोणीस मुलं दगावली, अशी नोंद तेव्हाच्या वर्तमानपत्रांत आहे. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या मंडळींना बोलावून घेतलं. १९०६ मध्ये नियम बदलले, चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली, एकाच घोळक्यात होणारी चेंगराचेंगरी कमी झाली. नियम ठरवणाऱ्या समितीत स्टॅग होते आणि पुढेही कितीतरी वर्षं राहिले. पुढे फेकायच्या चेंडूवर तर त्यांनी नाना तऱ्हेच्या चाली बसवल्या. म्हणजे जे बिघडलं ते दुरुस्त करण्यातही त्यांचा हात होता. माणसाचा हिशेब असा सरळ एका रकान्यात बसत नाही.

नंतर मैदानाला त्यांचंच नाव दिलं गेलं. मार्शल फील्डचं स्टॅग फील्ड झालं, पायऱ्या वाढल्या, पन्नास हजार माणसं बसतील एवढं मोठं झालं. पण १९२४ नंतर अजिंक्यपद पुन्हा आलं नाही. १९२९ मध्ये रॉबर्ट मेनार्ड हचिन्स विद्यापीठाचे अध्यक्ष झाले, वय वर्षं तीस. त्यांना विद्यापीठ म्हणजे ग्रंथ आणि विचार, बाकी सगळं उपरं, असं वाटे. सत्तराव्या वर्षी निवृत्ती, असा नियम होता. स्टॅग यांना सत्तरी लागली १९३२ मध्ये. त्यांना दुसरं काही मानाचं पद देऊ केलं गेलं. त्यांनी ते घेतलं नाही. मला मुलांना शिकवायचंय, कागद सरकवायचे नाहीत, असा त्यांचा एकूण सूर.

आमच्याकडे अठ्ठावन्नाव्या वर्षी नारळ आणि शाल मिळते. दोन-चार भाषणं होतात, फोटो निघतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला काय करायचं ते कळत नाही. आपल्यातल्या बहुतेकांनी ते दिवस काढले आहेत. स्टॅग यांनी काय केलं? बायकोला घेऊन दोन हजार मैलांवर, कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टन गावी, कॉलेज ऑफ द पॅसिफिक नावाच्या एका लहानशा कॉलेजात नोकरी धरली. साल १९३३. वय सत्तर!

इकडे शिकागोत त्यांच्यामागे काय झालं, तेही पाहू. १९३५ मध्ये शिकागोच्या जे बर्वँगरला देशातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून एक नवा चषक मिळाला, तोच आजचा प्रसिद्ध हायझमन चषक. ती पणतीची शेवटची मोठी ज्योत. १९३८ मध्ये स्टॅग आपल्या स्टॉक्टनच्या पोरांना घेऊन शिकागोला आले, आणि स्वतःच्या नावाच्या मैदानावर स्वतःच्या जुन्या विद्यापीठाला ३२-० असं हरवून गेले. त्या संध्याकाळी त्यांना काय वाटलं असेल? आनंद वाटला असेल, असं मला तरी म्हणवत नाही. पुढच्या वर्षी मिशिगनने शिकागोला ८५-० हरवलं. त्याच डिसेंबरात, १९३९ मध्ये, हचिन्स यांनी विद्यापीठाचा फुटबॉल बंद करून टाकला. पन्नास हजारांचं मैदान ओस पडलं. तीन वर्षांनी त्याच्या पायऱ्यांखालची रिकामी जागा फर्मींना सापडली ती अशी.

काळाचा खेळ पाहा. २ डिसेंबर १९४२ रोजी त्या पायऱ्यांखाली मूठभर माणसं श्वास रोखून यंत्रांचे काटे पाहत होती, तेव्हा ज्याच्या नावाचं ते मैदान, तो ऐंशी वर्षांचा म्हातारा स्टॉक्टनमध्ये आपल्या पोरांची कामगिरी करत होता. पुढच्याच वर्षी, १९४३ मध्ये, देशभरच्या प्रशिक्षकांनी त्याला वर्षातला उत्तम प्रशिक्षक म्हणून निवडलं. वय एक्क्याऐंशी.

१९४६ मध्ये पॅसिफिकनेही त्यांना 'आता पुरे' म्हटलं. तेव्हा ते चौऱ्याऐंशीचे. मग पेनसिल्व्हेनियात सस्क्वेहाना विद्यापीठात मुलगा प्रशिक्षक होता, त्याच्या हाताखाली... नव्हे, त्याच्या जोडीने सहा हंगाम काम केलं. मुलाच्या संघात बापाने मदतनीस व्हायचं, याला मन मोठं लागतं. आपल्याकडे दुकानाच्या गल्ल्यावरून बाप उठत नाही, उठला तर दुकानात पाऊल ठेवत नाही! पुढे स्टेलाबाईंना प्रवास झेपेना, म्हणून ते स्टॉक्टनलाच थांबले, आणि गावातल्या ज्युनियर कॉलेजात पोरांना चेंडू लाथाडायला शिकवू लागले. नव्वदी ओलांडून गेली होती. ना पायऱ्यांवर पन्नास हजार माणसं, ना वर्तमानपत्रात मथळे. एक चेंडू, चार पोरं, आणि पाय कुठे ठेवायचा ते सांगणारा म्हातारा.

१९६४ मध्ये स्टेलाबाई गेल्या. १७ मार्च १९६५ रोजी स्टॅग गेले, वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी. त्यांच्या नावावर ३१४ विजय होते. तो आकडा १९८१ मध्ये अलाबामाच्या बेअर ब्रायंट यांनी ओलांडला.

मैदान त्यांच्या आधीच गेलं. १९५७ मध्ये पायऱ्या पाडल्या. आज तिथे विद्यापीठाचं प्रचंड ग्रंथालय उभं आहे, आणि अणुसाखळीच्या जागी हेन्री मूर यांचं काशाचं शिल्प. पुस्तकांनी मैदान जिंकलं, असं हचिन्स म्हणाले असते. पण १९६९ मध्ये शिकागोने फुटबॉल पुन्हा सुरू केला. लहान प्रमाणात, लहान कॉलेजांशी, खेळाडूंना शिष्यवृत्तीचं आमिष न दाखवता. आणि १९७३ पासून अशा कॉलेजांच्या अंतिम सामन्याला नाव आहे 'स्टॅग बोल'. पैशाचा महापूर जिथे वाहतो त्या सामन्याला नाही, जिथे मुलं वर्ग सांभाळून खेळतात त्या सामन्याला! कुणी मुद्दाम योजलं असेल की नाही कोण जाणे, पण नाव योग्य जागी जाऊन बसलं.

दोन शिक्षक एकाच माणसात होते, असं मला हे सगळं वाचून वाटत राहिलं. एक शिकागोतला: मोठा, यशस्वी, संस्थेला मोठं करणारा आणि संस्थेच्या हव्यासाला हातभार लावणारा. दुसरा स्टॉक्टनमधला: कुणी विचारलं नाही तरी रोज मैदानावर जाणारा. पहिल्याचं नाव मैदानाला मिळालं. ते मैदान पडलं, संस्थेने त्याला वयाचा नियम दाखवला. दुसऱ्याकडून मात्र कुणाला काही काढून घेता आलं नाही, कारण संस्थेने दिलेलं असं त्याच्याकडे काही नव्हतंच. जे होतं ते त्याचं स्वतःचं. मुलांच्यात उभं राहायची आवड, आणि बोलता येत नसलं तरी करून दाखवता येतं हा विश्वास.

निवृत्तीनंतर आपलं काय उरतं, हा प्रश्न आपल्या कट्ट्यावर पुन्हा पुन्हा येतो. पेन्शन उरते, गुडघेदुखी उरते, ही थट्टा झालीच. पण संस्थेने दिलेली खुर्ची, फळ्यावरचं नाव, सत्काराची शाल हे सगळं वजा केल्यावर हातात जी शिल्लक राहते, तीच आपली खरी कमाई असावी. शेजारच्या मुलीला सनावळ्या सांगताना, कामवाल्या बाईंच्या मुलाचं शुद्धलेखन तपासताना मला ती अधूनमधून हाती लागते.

असो. फार लांबलं. शिकागोकडे राहणाऱ्या भाचेमंडळींनो, ग्रंथालयात गेलात तर जरा बाहेर त्या शिल्पापाशी थांबा. फर्मींची आठवण सगळेच काढतात. तुम्ही त्या चांभाराच्या पोराचीही काढा, आणि जमलं तर क्लार्कचीही.